जर्मन वर्क कल्चर नावाची दंतकथा

दरवर्षी ख्रिसमसच्या सुट्टीत श्टुटगार्टकडची आपली मंडळी पुण्यात उतरतात. बाणेरच्या कुठल्यातरी हॉटेलात गेट-टुगेदर होतं आणि स्टार्टर संपायच्या आत तो विषय निघतोच. "अरे तिकडे पाचला ऑफिस रिकामं! सुट्टीवर असताना बॉसची फोन करायची हिंमत नाही. वर्क कल्चरच वेगळं आहे रे!" मग इकडचे उसासे टाकतात, कोणीतरी "आपल्या लोकांना शिस्तच नाही" असा शेरा मारतं, आणि बिल येतं.

मला या 'कल्चर' शब्दाचा आता मनापासून वैताग आला आहे. कल्चर म्हटलं की विषयच मिटतो ना! ते त्यांच्या रक्तात, आपल्या रक्तात नाही, चला, सोमवारी साडेदहाच्या कॉलला भेटू.

मंडळी, ते रक्तात वगैरे काही नाहीये. तो एक छापील करार आहे. त्याला जर्मनीत टारीफ म्हणतात, आपल्याकडे वेतन करार. एका बाजूला मालकांची संघटना, दुसऱ्या बाजूला आयजी मेटाल नावाची कामगार संघटना, वीस लाखांच्या वर सभासद असलेली. बॉश किंवा मर्सिडीजमध्ये कोड लिहिणारा आपला मित्र ज्या पस्तीस तासांच्या आठवड्याचं कौतुक सांगतो, तो आठवडा या करारात आहे. जर्मन कायद्यात पस्तीस तास कुठेही नाहीत. तीस दिवसांची रजासुद्धा करारातली. पाच दिवसांच्या आठवड्याला कायदा फक्त वीस दिवस देतो. वरचे दहा दिवस कोणीतरी टेबलावर बसून मागून घेतलेले आहेत.

आणि मागून घ्यायला किती वेळ लागला? १९५६ मध्ये जर्मन कामगार संघटनांनी शनिवारच्या सुट्टीसाठी मोहीम काढली. पोस्टरवर एक छोटा मुलगा, तो म्हणतोय की शनिवारी बाबा माझे. म्हणजे तेव्हा हे शिस्तप्रिय जर्मन शनिवारीही कारखान्यात जात होते! पस्तीस तासांसाठी १९८४ साली कित्येक आठवडे संप झाला. त्यातून मिळाले ते साडेअडतीस तास. पुरे पस्तीस व्हायला १९९५ उजाडलं. अकरा वर्षं. याला कोणाला कल्चर म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग ते संपातून आलेलं कल्चर आहे हेही सांगा.

माझं म्हणणं पटत नसेल तर एक साधा पुरावा देतो. त्याच ऑफिसात, त्याच मजल्यावर, आपल्या एखाद्या सर्व्हिस कंपनीने पाठवलेला ऑनसाइट इंजिनिअर बसलेला असतो. कॅन्टीन तेच, कॉफी तीच, खिडकीतून दिसणारा पाऊससुद्धा तोच. कल्चर हवेत असतं तर ते त्यालाही लागलं असतं. पण तो दिवसा क्लायंटबरोबर आणि पहाटे ऑफशोअर टीमबरोबर कॉलवर असतो, कारण त्याचा पगार ज्या कागदावर ठरलाय त्यावर आयजी मेटालची सही नाही. शेजारच्या खुर्चीतला माणूस निघतो, हा बसून राहतो. फरक फक्त कागदाचा.

आता या करारात काय काय असतं ते बघा, कारण आपल्यातल्या बहुतेकांनी असा करार उघडून कधी पाहिलेलाच नसतो. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये पगाराच्या सतरा श्रेणी आहेत. कुठल्या कामाला कुठली श्रेणी हे लिहिलेलं, प्रत्येक श्रेणीचा आकडा जाहीर. शेजारच्याला किती मिळतात हे विचारायला त्याला बिअर पाजावी लागत नाही. :) २०१८ च्या फेब्रुवारीत झालेल्या करारात ४.३ टक्के वाढ तर होतीच, पण त्याहून मजेशीर कलम असं: पूर्ण वेळ काम करणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं आठवड्याला अठ्ठावीस तासांवर जाण्याचा हक्क, पगार त्या प्रमाणात कमी, आणि मुदत संपल्यावर पुन्हा पूर्ण वेळ परत येण्याची हमी. हे परत येणं महत्त्वाचं. आपल्याकडे बाळंतपणानंतर 'थोडे दिवस पार्ट टाइम' मागणाऱ्या मैत्रिणींना विचारा, परतीचा रस्ता कसा असतो ते. त्याच करारातून २०१९ पासून वर्षाला एक जास्तीची रक्कम आली, मासिक पगाराच्या २७.५ टक्के. घरात लहान मूल असेल, आजारी आईवडील असतील किंवा शिफ्टचं काम असेल तर तेच पैसे न घेता आठ दिवस रजा घेता येते. सासूबाईंच्या ऑपरेशनला चार दिवस हवेत म्हणून मॅनेजरचा मूड बघत बसायला नको.

"पण मग मेरिटचं काय? युनियन आली की गाढव-घोडा एकाच भावात!" हा आपला सगळ्यात लाडका आक्षेप. याच करारात कामगिरीचा भत्ताही आहे. मॅनेजर तिथेही मूल्यमापन करतो, कोणाला कमी कोणाला जास्त देतो. पण कंपनीत या भत्त्याची सरासरी मूळ पगाराच्या पंधरा टक्के असली पाहिजे, हे करारात ठरलेलं आहे. म्हणजे किती वाटायचं हे आधीच पक्कं. कोणाला किती, एवढंच मॅनेजरच्या हातात. आता आपलं अप्रेझल आठवा. बेल कर्व्ह तर आहेच, पण त्या कर्व्हच्या मागे किती पैसे आहेत हे कोणाला माहीत? "तू खूप चांगलं केलंस, पण यंदा बजेट नाही." हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या कंपन्यांत, तीन वेगवेगळ्या मॅनेजरांकडून, जवळपास शब्दशः तसंच ऐकलं आहे. बजेट कोणी ठरवलं, किती होतं, कुठे गेलं? विचारून बघा एकदा. मेरिट मेरिट म्हणून आपण जे नाचतो ते मेरिट मोजण्याचा आकडा आपल्याला दाखवलासुद्धा जात नाही.

इतकं लांब जायची खरं तर गरज नाही. तुमच्या सोसायटीत एखादे बँकेतले काका असतीलच. १९६६ पासून भारतात बँकांची संघटना म्हणजे आयबीए आणि कर्मचारी संघटना यांच्यात द्विपक्षीय करार होतात. बारावा करार ८ मार्च २०२४ ला झाला: १७ टक्के वाढ, लागू १ नोव्हेंबर २०२२ पासून, त्यामुळे सोळा महिन्यांचा फरक हातात. महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी निर्देशांकाप्रमाणे आपोआप बदलतो. आपोआप! कोणी सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म भरत नाही. महिलांना महिन्यातून एक दिवस डॉक्टरच्या सर्टिफिकेटशिवाय आजारपणाची रजा. दुसऱ्या-चौथ्या शनिवारची सुट्टी आधीच्या, २०१५ च्या करारातली. आणि "आम्ही ऑफिसर, आम्हाला कसली युनियन" म्हणणाऱ्यांसाठी: बँकांमध्ये अधिकाऱ्यांच्याही संघटना आहेत. ज्या ब्रँच मॅनेजरसमोर आपण होम लोनसाठी फाइल घेऊन नम्रपणे बसतो, त्याचा पगारही असाच टेबलावर बसून ठरतो.

बँकेतल्या काकांचे करार काही सोन्याचे नाहीत. १ नोव्हेंबर २०१७ पासूनची वाढ नोव्हेंबर २०२० मध्ये सही होऊन मिळाली, तीन वर्षं वाट बघून. १ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यांच्यासाठी एनपीएस. टेबलावर बसलेल्यांची पेन्शन शाबूत आणि जे अजून नोकरीलाच लागले नव्हते त्यांची गेली, हे मला आजही खटकतं. चाकण-पिंपरीकडचे वेतन करार घ्या. कायम कामगारांच्या वाढीचे आकडे पेपरात येतात, पण त्याच लाइनवर तेच नट आवळणारा कंत्राटी पोरगा त्या करारात नसतो. संघटनांची ही जुनी खोड आहे. आपल्यात कधी असा करार झालाच तर बेंचवरची मुलं, थर्ड पार्टी पेरोलवरची मुलं आत आहेत की बाहेर, हा पहिला प्रश्न असला पाहिजे.

मराठी घरांत युनियन म्हटलं की १९८२ चा गिरणी संप आठवतो. दत्ता सामंत, बंद भोंगे, गिरणगावातले उद्ध्वस्त संसार. वडील मंडळी एवढंच सांगतात की संप केला आणि गिरण्या गेल्या. अडीच लाख कामगार बाहेर का पडले, हे मात्र सहसा सांगत नाहीत. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांमध्ये एकाच संघटनेला प्रतिनिधी मानलं होतं, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. मालकांशी करार करायचा तर तिनेच. कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता, पण टेबलावरून तिला उठवता येत नव्हतं. पगाराबरोबर ही कोंडी फोडणं हासुद्धा त्या संपाचा मुद्दा होता. म्हणजे आपल्या वतीने कोण बोलणार हे आपल्याला ठरवता आलं नाही तर काय होतं, याचं ते उदाहरण आहे. यावरून 'कोणीच बोलू नये' हा धडा ज्यांनी काढला त्यांच्यापुढे हात जोडले.

"आपली कामं वेगळी, सॉफ्टवेअरमध्ये हे होणार नाही." झालं आहे. न्यूयॉर्क टाइम्समध्ये वेबसाइट आणि अ‍ॅप सांभाळणारे सुमारे सहाशे लोक आहेत, इंजिनिअर, डिझायनर, प्रॉडक्टवाले. मार्च २०२२ मध्ये मतदान करून त्यांनी संघटना पक्की केली. करार काही होईना, तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये, ऐन अमेरिकन निवडणुकीच्या आठवड्यात, संपावर गेले. डिसेंबरमध्ये करार झाला: पगारवाढ, सबळ कारणाशिवाय काढता येणार नाही हे कलम, आणि ऑन-कॉल ड्युटीचे वेगळे पैसे. पेजर ड्युटीचे पैसे! आपल्याकडे प्रॉडक्शन सपोर्टच्या मुलांना रात्री तीनला उठवतात आणि शुक्रवारच्या टाउन हॉलमध्ये टाळ्या देतात.

कायद्याचं म्हणाल तर चारही लेबर कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले आहेत. औद्योगिक संबंध संहितेतल्या 'कामगार' या व्याख्येत तांत्रिक काम आहे. मॅनेजर आणि प्रशासकीय काम करणारे बाहेर, आणि महिना अठरा हजारांच्या वर पगार असलेले सुपरवायझर बाहेर. तांत्रिक काम करणाऱ्याला मात्र पगाराची मर्यादा नाही. म्हणूनच कंपन्या दोन वर्षं अनुभवाच्या पोरालाही 'लीड' अशी पदवी देतात की काय, अशी मला शंका आहे (पदवी फुकट असते). ज्या संघटनेकडे ५१ टक्के कामगार, तिच्याशी मालकाने बोलायचं. कामाचे तास, रजा, शिफ्ट बदलायची तर एकवीस दिवसांची नोटीस, ही जुन्या कायद्यातली तरतूद नव्यातही आहे. आता गुरुवारी संध्याकाळी येणारी ती "सोमवारपासून नवीन शिफ्ट टाइमिंग" वाली मेल आठवा.

जर्मनीतलं आणखी एक गमतीशीर. कायद्याने टारीफचा हक्क फक्त संघटनेच्या सभासदांना. पण कंपन्या सहसा सगळ्यांनाच देतात, कारण नाही दिला तर बाकीचे दुसऱ्या दिवशी सभासद होतील. वर्गणी आहे ढोबळ पगाराच्या एक टक्का. आपले काही मित्र ती भरत नाहीत, पस्तीस तास आणि तीस दिवस मात्र मजेत घेतात, आणि इकडे येऊन कल्चरवर बोलतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तिकडे पुढचा करार झाला. वाढ साधीच: एप्रिल २०२५ ला दोन टक्के, एप्रिल २०२६ ला ३.१ टक्के. आपल्या पोरांना हसू येईल. पण पुढच्या दीड वर्षात कुठल्या तारखेला किती मिळणार हे त्या दिवशी प्रत्येकाला माहीत होतं, आणि व्हेरिएबल पेच्या नावाखाली पगारातलेच पैसे कापून 'कंपनी परफॉर्मन्स ६० टक्के' असं सांगणारी मेल येणार नाही हेही.

तुमचं ऑफर लेटर काढा आणि बघा त्यात कंपनीला बांधणारं वाक्य किती. नव्वद दिवसांची नोटीस तुमच्यासाठी आहे. कंपनी मात्र मूळ पगार हातावर ठेवून संध्याकाळी लॅपटॉप काढून घेऊ शकते. ग्रॅच्युइटी सीटीसीत मोजलेली, पीएफचा कंपनीचा वाटा सीटीसीत मोजलेला. शेवटी एक ओळ असते की पॉलिसी वेळोवेळी बदलण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. त्या एका ओळीने वरची चौदा पानं रद्द होतात, आणि त्याखाली आपण सही करतो, तारीख टाकतो, आणि पेढे वाटतो.

पहिल्या करारात मला फार काही नको. नोटीस दोन्ही बाजूंना सारखी, तीस दिवस. वाढीसाठी एकूण किती टक्के ठेवलेत ते मार्चमध्ये लेखी. रात्री नऊनंतरच्या प्रत्येक कॉलला तासाचा दर, आणि तो दर क्लायंटच्या बिलात वेगळ्या ओळीत.