पुराला जागल्या हवा

३० ऑगस्ट २०२१ ची रात्र. गोकुळाष्टमीचा दिवस नुकताच सरला होता आणि पोळा आठवड्यावर येऊन ठेपला होता. सातमाळ-अजिंठ्याच्या डोंगररांगांवर त्या रात्री कोसळलेला पाऊस पहाटेपर्यंत तितूर आणि डोंगरी या दोन लहानशा नद्यांच्या वाटेने चाळीसगाव शहरात व पायथ्याच्या गावांत शिरला. कन्नड घाटात दरडी कोसळून धुळे-सोलापूर महामार्ग बंद पडला. माणसे दगावली आणि गुरेढोरे तर शेकड्यांनी मेली. ज्या बैलांच्या शिंगांना आठवड्याने रंग लागायचा होता, त्यांपैकी कित्येक दावणीलाच बुडाले.

अशा प्रसंगानंतर ‘निसर्गाचा कोप’ हे शब्द उच्चारून मोकळे होण्याची सर्वांना सवय झाली आहे. पाऊस किती पडावा हे माणसाच्या हाती नाही, हे खरेच. परंतु डोंगरावर पडलेला पाऊस गावात पोहोचण्यापूर्वी गावाला त्याची वार्ता मिळावी की नाही, हा निसर्गाचा प्रश्न नव्हे. तो व्यवस्थेचा प्रश्न आहे.

खानदेशाला पूर नवे नाहीत. १८२२ साली तापीने ६५ गावे समूळ नष्ट केली आणि आणखी ५० गावांचा काही भाग वाहून नेला. १८७२ साली गिरणा आणि पांझरा एकाच वेळी खवळल्या. तेव्हा एकट्या धुळे शहरातील ५०० घरे गेली आणि १५२ गावांना तडाखा बसला, अशी नोंद ब्रिटिश राजवटीतील गॅझेटियरमध्ये आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच पांझरेने धुळ्याला पुन्हा आपले मूळ पात्र किती रुंद आहे याची आठवण करून दिली. अवर्षणाचा प्रदेश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भूमीत पुराची स्मृती टिकत नाही. नदी वर्षातून दहा महिने कोरडी असते, म्हणून तिच्या पात्रात प्रथम टपऱ्या येतात, मग बाजार भरतो आणि अखेरीस घरे उभी राहतात. कोरडी नदी ही मोकळी जागा नव्हे, हे सत्य एका रात्रीत कळते. पण तेव्हा उशीर झालेला असतो.

पुराचे दोन प्रकार

येथे एक भेद स्पष्ट करावयास हवा. तापीसारख्या मोठ्या नदीचा पूर चढायला वेळ घेतो. तापी-पूर्णेच्या संगमाखाली असलेल्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे आहेत. त्यांपैकी किती उघडले आणि किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, याची सूचना नदीकाठच्या गावांना दिली जाते. केंद्रीय जल आयोगाने १९५८ साली दिल्लीजवळ यमुनेवर पूर्वानुमानाचे काम आरंभले, तेव्हापासून देशातील मोठ्या नद्यांसाठी अशी यंत्रणा क्रमाने उभी राहिली आहे. तिच्यात दोष असतील, पण ती आहे.

आकस्मिक पुराचे तसे नाही. तो डोंगरउतारावरील ओढ्यानाल्यांतून येतो आणि काही तासांत येऊन जातो. गावात त्या वेळी साधी रिमझिम असू शकते. झोपलेल्या माणसाला शंका यावी असे काहीही आभाळात नसते. शिवाय पाऊस पडतो एका जिल्ह्यात आणि पूर येतो दुसऱ्याच जिल्ह्यात. चाळीसगावच्या माथ्यावरील घाट ओलांडला की कन्नड तालुका लागतो आणि तो छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे मात्र जिल्ह्यांच्या सीमा पाहून दिले जातात. संपूर्ण जळगाव जिल्ह्याला दिलेल्या इशाऱ्यावरून चोपड्याच्या शेतकऱ्याने काय समजावे आणि तितूरकाठच्या दुकानदाराने काय करावे? सर्वांना उद्देशून दिलेली सूचना कोणालाच आपली वाटत नाही.

शास्त्राने आपल्या परीने पाऊल पुढे टाकले आहे. भारतीय हवामान खात्याने २०२० च्या ऑक्टोबरात दक्षिण आशियासाठी आकस्मिक पुराची मार्गदर्शन यंत्रणा सुरू केली. लहान पाणलोट क्षेत्रांना असणाऱ्या धोक्याचा अंदाज ती २४ तास आणि ६ तास आधी देऊ शकते. हे मार्गदर्शन राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरील अधिकाऱ्यांच्या हाती पडते. तेथून पायथ्याच्या शेवटच्या वस्तीपर्यंत ते मध्यरात्री कोण नेणार, हा खरा प्रश्न आहे.

मापक आहे, पहारा नाही

महाराष्ट्रात महावेध प्रकल्पाद्वारे महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसविण्यात आली आहेत. पावसाची नोंद दर दहा मिनिटांनी व्हावी अशी त्यांची रचना आहे. एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी ठरते आणि पंचनाम्याचा मार्ग मोकळा होतो. पीकविम्याचे दावेही याच आकड्यांवर तपासले जातात. म्हणजे हे पर्जन्यमापक प्रामुख्याने नुकसानीचे साक्षीदार म्हणून वापरले जातात. साक्षीदार घटना घडून गेल्यावर बोलतो; पहारेकरी आधी हाक देतो.

डोंगरमाथ्यावरील मंडळात तासाभरात पावसाने ठरावीक मर्यादा ओलांडली, तर खालच्या गावचा पोलीस पाटील, कोतवाल आणि सरपंच यांचे दूरध्वनी आपोआप खणखणावेत, एवढे साधता येऊ नये काय? यासाठी जिल्ह्याच्या सीमेपलीकडील मापकही या गावांना जोडावे लागतील. यात कोणतेही नवे संशोधन नाही. हवी आहे ती केवळ कार्यालयांमधील भिंती ओलांडण्याची तयारी. ज्या पाटण परिसरात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा तेराव्या शतकातील शिलालेख आहे, तेथील डोंगरावरून येणाऱ्या पाण्याचा हिशेब आज वेळेवर लागू नये, हे शोभादायक नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. दहा वेळा इशारा दिला आणि पूर दोनदाच आला, तर लोक ‘लांडगा आला रे आला’ म्हणून दुर्लक्ष करतील. आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि त्याचे उत्तर मौन हे नव्हे. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले. २०१३ साली फायलिन वादळ आले तेव्हा लाखो लोकांना आधीच हलविले गेले आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. वादळाची चाहूल काही दिवस आधी लागते आणि डोंगरी पुराची काही तासच आधी, हा फरक मोठा आहे. परंतु तेथे केवळ उपग्रहामुळे प्राण वाचले नाहीत. गावोगावी स्वयंसेवक होते, निवारे होते आणि इशारा मिळताच कोठे जायचे हे लोकांना ठाऊक होते. जेथे तास थोडे, तेथे पूर्वतयारी अधिक लागते.

ही तयारी कागदावर पुष्कळ आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याची योजना असते आणि तिचा दरवर्षी आढावा घ्यावयाचा असतो. नद्यांच्या निळ्या आणि लाल पूररेषा आखण्याची पद्धतही आहे. परंतु पूररेषा नकाशावर राहते आणि घर नदीत. ती रेषा शाळेच्या भिंतीवर, बाजारातील खांबावर आणि पुलाच्या कठड्यावर रंगविली, तर आठवीतल्या मुलालाही आपले घर तिच्या खाली की वर, हे सांगता येईल. शिक्षकांनी भूगोलाच्या एका तासाला मुलांना घेऊन गावचा ओढा उगमाकडे चालत दाखवावा. पुस्तकातील कोणत्याही धड्याहून तो धडा अधिक काळ लक्षात राहील.

आणि गुरांचा विचार प्रथम व्हावयास हवा. शेतकरी घर सोडायला कचरतो तो बहुधा गोठ्यासाठी. इशाऱ्यात ‘सुरक्षित स्थळी जा’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. ‘दावी सोडा, जनावरे अमुक टेकाडाकडे हाका’ असे स्पष्ट सांगितले पाहिजे आणि ते टेकाड उन्हाळ्यातच ठरले पाहिजे. वीज गेली आणि मोबाइलचे मनोरे बंद पडले तर हातभोंगा आणि देवळा-मशिदीतील, बॅटरीवर चालणारे ध्वनिक्षेपक कामी यावेत.

पांझरेच्या खोऱ्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. तेथील फड पद्धतीत शतकानुशतके पाणी वाटणारा पाटकरी आणि पिकांची राखण करणारा जागल्या गावकऱ्यांनी स्वतः नेमले आणि त्यांचा मोबदलाही गावानेच दिला. पिकांसाठी ज्या समाजाने जागल्या ठेवला, त्याने माणसांसाठी आणि मुक्या जनावरांसाठी तो ठेवू नये, असे कसे म्हणता येईल? पावसाळ्याच्या चार महिन्यांत, पायथ्याच्या प्रत्येक गावात, रात्री जागण्याची जबाबदारी एका नेमलेल्या माणसावर असावी. त्याला मानधन शासनाने द्यावे आणि गाव उठविण्याचा अधिकारही लेखी द्यावा. वरिष्ठांच्या हुकमाची वाट पाहावी लागली, तर त्याच्या जागण्याला अर्थ उरणार नाही.

पुरानंतर मदत वाटणारे हात आपल्या समाजात कमी नाहीत, ही समाधानाची गोष्ट होय. पण पंचनाम्यात मेलेल्या बैलाची किंमत लिहिता येते, त्याचे दावे वेळेवर सोडता येत नाही. ते सोडणारा हात आदल्या रात्री जागा असावा लागतो.