बर्फ पडणार, पण किती उंचीवर?

हिवाळा आला की वर्तमानपत्रात एक बातमी हमखास वाचायला मिळते : ‘येत्या दोन दिवसांत हिमाचल प्रदेशात बर्फवृष्टीची शक्यता.’ बातमी खोटी नसते. परंतु विद्यार्थी मित्रहो, तिच्याकडे जरा चिकित्सक नजरेने पाहा. हिमाचल प्रदेशाची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे ३५० मीटरवर सुरू होते आणि साडेसहा हजार मीटरच्याही वर जाते. यांपैकी कोणत्या उंचीवर बर्फ पडणार आणि कोणत्या उंचीवर नुसताच पाऊस? बातमी याविषयी गप्प असते. माझे म्हणणे असे की, डोंगराळ मुलुखातील हिवाळी हवामानाचा अंदाज उंची सांगितल्याशिवाय पुरा होत नाही. आणि उंची विचारण्याची सवय आपल्याला लागत नाही तोवर चांगला अंदाजही फुकट जातो.

एक ठळक उदाहरण घेऊ. मनाली हे गाव सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे. तेथून लाहौलकडे जाणारा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. या बोगद्याचे मनालीकडील तोंड सुमारे ३,०६० मीटरवर आहे. म्हणजे मोटारीच्या तासाभराच्या प्रवासात माणूस एक हजार मीटर वर चढतो. वातावरणात दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. तेव्हा मनालीत ५ अंश तापमान असेल, तर बोगद्याच्या तोंडाशी ते शून्याच्या खाली असणार. मनालीत रिमझिम पाऊस असताना वर रस्त्यावर बर्फ साचत असते आणि चाकांखाली दाबले गेलेले बर्फ काचेसारखे गुळगुळीत होते. २३ डिसेंबर २०२४ रोजी सोलंग व अटल बोगदा यांच्या दरम्यान शेकडो वाहने अशीच अडकून पडली होती. ‘मनाली परिसरात बर्फ’ एवढ्या माहितीवर निघालेल्या प्रवाशाला, आपण एका हवामानातून निघून दुसऱ्याच हवामानात चाललो आहोत, हे कसे कळावे?

ही बर्फवृष्टी येते कोठून? पावसाळ्यात आपल्याला नैऋत्य मोसमी वारे ठाऊक असतात. हिवाळ्यात पश्चिम हिमालयाला पाणी देतात ते ‘पश्चिमी झंझावात’. भूमध्य समुद्राच्या बाजूने कमी दाबाची ही क्षेत्रे इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत पूर्वेकडे सरकतात. हिवाळ्याच्या एका महिन्यात अशी साधारण चार ते सहा क्षेत्रे येतात. सगळीच जोरदार नसतात. त्यांच्याबरोबरची दमट हवा पीर पंजाल, धौलाधार अशा रांगांवर आदळून वर चढते, थंड होते आणि तिच्यातील बाष्प हिमकणांच्या रूपाने बाहेर पडते. रांगांच्या पलीकडे ही हवा कोरडी होऊन पोहोचते. म्हणूनच सुमारे ३,५०० मीटरवरील लेह येथे २,६५० मीटरवरील गुलमर्गपेक्षा कितीतरी कमी बर्फ पडते. नुसती उंची पुरेशी नाही, बाष्पही हवे, हे येथे लक्षात ठेवावे.

हिमपातळी म्हणजे काय?

ढगातून सुटलेला हिमकण खाली येताना एका उंचीवर शून्य अंशाची हवा ओलांडतो. पण तेथे तो लगेच वितळत नाही. वितळायला उष्णता लागते आणि वेळही लागतो, त्यामुळे शून्य अंशाच्या पातळीखाली आणखी दोन-तीनशे मीटर तो हिमरूपात येऊ शकतो. ज्या उंचीच्या वर बर्फ पडते आणि खाली पाऊस, तिला आपण हिमपातळी म्हणू. नकाशावर दाखवतात ती बारमाही हिमाची रेषा निराळी. हिमपातळी ही तासातासाला वरखाली होणारी गोष्ट आहे.

ती का हलते, याची दोन कारणे मोठी मौजेची आहेत. पहिले कारण वाऱ्याचे. झंझावात येऊ लागतो तेव्हा त्याच्या पुढच्या बाजूला दक्षिणेकडचे उबदार, दमट वारे असतात. तो पुढे गेल्यावर मागून थंड, कोरडे वारे येतात. साहजिकच सुरुवातीला हिमपातळी उंच असते आणि नंतर ती खाली उतरते. संध्याकाळी पाऊस आणि पहाटे अंगणात बर्फ, असा अनुभव पहाडी लोकांना म्हणूनच वारंवार येतो.

दुसरे कारण हिमकणांच्याच अंगी आहे. एक ग्रॅम बर्फ वितळण्यासाठी ८० कॅलरी उष्णता लागते. हीच सुप्त उष्णता. तुमच्या पाठ्यपुस्तकात तिला अप्रकट उष्मा असेही म्हटलेले असेल. ही उष्णता येते आजूबाजूच्या हवेतून. एक हिशेब करून पाहा. १ चौरस सेंटिमीटर तळाचा आणि ३०० मीटर उंचीचा हवेचा स्तंभ घ्या. अडीच हजार मीटर उंचीवरील हवेचे वजन धरले, तर या स्तंभात सुमारे ३० ग्रॅम हवा असते. हवेची विशिष्ट उष्णता ०.२४ धरल्यास ती १ अंशाने थंड होण्यासाठी सुमारे ७ कॅलरी काढून घ्याव्या लागतात. आता या स्तंभातून पडताना १ मिलिमीटर पाण्याइतके, म्हणजे ०.१ ग्रॅम हिम वितळले, तर ते ८ कॅलरी खाऊन टाकते! म्हणजे दर मिलिमीटरमागे हवा जवळजवळ एका अंशाने थंड होणार. बाहेरून उबदार वारा येत राहिला तर हा परिणाम पुसला जातो. पण अरुंद, कोंडलेल्या खोऱ्यात जोराची वृष्टी झाली की हिमपातळी काही तासांत शेकडो मीटर खाली घसरते. पडणारे हिम स्वतःसाठी थंड वाट तयार करत खाली येते, असे म्हटले तरी चालेल.

एका अंशाची किंमत

आता अंदाज करणाऱ्याची अडचण पाहा. ६.५ अंशाला एक किलोमीटर, तर एका अंशाला किती? सुमारे १५० मीटर. अंदाजात तापमान दोनच अंशांनी चुकले, तर हिमपातळी ३०० मीटरने चुकते. मसुरी सुमारे २,००० मीटरवर आहे आणि धनोल्टी सुमारे २,३०० मीटरवर. म्हणजे या दोन अंशांतच दोन गावांचे हवामान अदलाबदल होते. पुण्यात दुपारचे तापमान २९ ऐवजी ३१ अंश झाले, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तीच चूक मसुरीत पावसाचे बर्फ करते. पहाडातील अंदाज चुकला म्हणून हवामानखात्याची टिंगल करण्यापूर्वी हा हिशेब जरूर करावा.

शिवाय डोंगर नियमाने वागतीलच असे नाही. काश्मीर खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीत थंड, जड हवा तळाशी साठून राहते. २१ डिसेंबरपासून ४० दिवसांच्या कडाक्याच्या थंडीला तेथे ‘चिल्लई कलान’ म्हणतात. या साठलेल्या हवेमुळे १,६०० मीटरहूनही खाली असलेल्या श्रीनगरात बर्फ पडते, आणि त्याच वेळी काही उंचीवरची हवा अधिक उबदारही असू शकते. अशा वेळी ६.५ चा पाढा कामाला येत नाही. प्रत्यक्ष मोजमापच हवे. जानेवारी २०२१ मध्ये कुफ्री व मुक्तेश्वर येथे डॉप्लर रडार सुरू झाले, ते याच दृष्टीने महत्त्वाचे. वितळू लागलेल्या हिमकणावर पाण्याचा पापुद्रा चढतो आणि तो रडारच्या लहरी जोराने परावर्तित करतो. त्यामुळे हिम कोणत्या उंचीवर वितळत आहे, तो थर रडारच्या पडद्यावर उजळ पट्ट्यासारखा दिसू शकतो. मात्र उंच कडे रडारच्या लहरींना आडवे येतात, आणि कड्यामागचे खोरे न दिसलेलेच राहते.

सामान्य वाचकाला हे झेपेल काय?

उंचीचा उल्लेख हवामानखात्याच्या पत्रकात नसतोच, असे नाही. उत्तराखंडच्या अंदाजात ‘अमुक मीटरपेक्षा उंच भागात हिमवृष्टी’ असे शब्द अनेकदा असतात. हिमाचलच्या अंदाजात मध्यम उंचीचे व अधिक उंचीचे डोंगर वेगळे केलेले असतात. पण पत्रकाचे बातमीत रूपांतर होताना पहिली कात्री लागते ती नेमकी याच शब्दांना. कारण विचारले तर उत्तर मिळते : ‘सामान्य वाचकाला इतके आकडे झेपत नाहीत.’

मला हे मुळीच पटत नाही. क्रिकेटच्या सामन्यात नुसत्या धावा सांगितल्या, तर शाळकरी मुलगाही विचारतो, ‘विकेट किती? षटके किती?’ २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याच मुंबईतील कुलाब्यात १०० मिलिमीटरही नाही. त्या प्रलयापासून मुंबईकर पावसाळ्यात भरतीची वेळ आणि लाटांची उंची मीटरमध्ये वाचू लागले. कोणीही ‘आम्हाला झेपत नाही’ असे म्हटले नाही. आकडा उपयोगाचा आहे हे पटले की माणूस तो वाचतो.

आणि नुसते ‘बर्फ पडणार’ हे शब्द किती धोक्याचे ठरू शकतात, हे ७-८ जानेवारी २०२२ च्या रात्री दिसले. पाकिस्तानातील मरी हे थंड हवेचे ठिकाण सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. जोरदार हिमवृष्टीचा इशारा तेथील हवामानखात्याने आधीच दिला होता. तरीही हजारो वाहने वर गेली. बर्फ पाहण्यासाठीच लोक निघाले होते. त्या रात्री अडकलेल्या मोटारींमध्ये २० हून अधिक माणसे दगावली. ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवलेल्या मोटारीच्या धुराड्यावर बर्फ साचले की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत भरतो. त्याला ना रंग, ना वास. इशारा होता, परंतु ऐकणाऱ्यांच्या कानी तो आमंत्रण बनून पोहोचला.

हिमपातळीशी केवळ प्रवाशांचाच संबंध आहे, असेही समजू नका. जानेवारीत डोंगरावर पडलेला पाऊस काही तासांत सतलज-बियासमधून वाहून जातो. तेच पाणी बर्फ होऊन पडले, तर ते डोंगरावर शिलकीत राहते आणि एप्रिल ते जूनमध्ये, जेव्हा शेताला व धरणाला त्याची निकड असते, तेव्हा हळूहळू खाली येते. हवा सरासरी एका अंशाने तापली तर हिमपातळी सुमारे १५० मीटर वर सरकेल. तेवढ्या पट्ट्यातील बर्फाची ही बिनखर्चाची धरणे आपण गमावून बसू. जो समाज रोजच्या बातमीत हिमपातळी विचारत नाही, त्याला ती वर चढत चालल्याचे कळणार तरी कधी?

तुम्ही काय करू शकता?

शिक्षकांना माझी सूचना अशी, की हिवाळ्यात वर्गाच्या फळ्याच्या एका कोपऱ्यात पश्चिम हिमालयाचा अंदाज लिहावा आणि त्याला तीन प्रश्न विचारावेत : किती उंचीच्या वर? किती वाजल्यापासून? आणि कितपत खात्रीने? दुसऱ्या दिवशी काय घडले तेही शेजारी नोंदवावे. महिन्याभरात विद्यार्थ्यांना कळेल की अंदाज ‘खरा’ किंवा ‘खोटा’ एवढाच नसतो. तो किती मीटरने आणि किती तासांनी चुकला, हे मोजता येते.

उंचीचा परिणाम मात्र महाराष्ट्रातही स्वतः पडताळून पाहता येईल. सिंहगडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे सहाशे मीटरची चढण आहे. दोन सारखे तापमापक घ्या. प्रथम दोन्ही शेजारी ठेवून ते सारखेच तापमान दाखवतात ना, हे तपासा. मग वर्गाचे दोन गट करून एक पायथ्याशी व एक माथ्यावर थांबा आणि ठरलेल्या वेळी, सावलीत, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर, दर पंधरा मिनिटांनी नोंद करा. दुपारी दोनच्या सुमारास सुमारे ४ अंशांचा किंवा त्याहून थोडा जास्त फरक मिळायला हवा. जमल्यास हाच प्रयोग जानेवारीत सूर्योदयाच्या वेळी करा. कदाचित पायथाच माथ्यापेक्षा थंड भरेल! तसे झाले तर तापमापकाला दोष देऊ नका. काश्मीर खोऱ्यात साठणाऱ्या थंड हवेचा एक लहानसा नमुना तुम्हाला घराजवळ सापडला, असे समजा आणि नोंद वहीत जपून ठेवा.