रोबोच्या पोटात काय आहे, ते आधी विचारा

मंडळी, थोडं तांत्रिक लिहितोय. पण विषय आपल्या पैशांचा आणि कुणाच्या तरी जिवाचा आहे.

आमच्या पालिकेने गटारं तपासायला रोबो घेतला. नारळ फुटला, फोटो छापून आले. बंद पडल्यावर तो माझ्याकडे आला, कारण मी सर्किट दुरुस्तीचं काम करतो. उघडला आणि कपाळावर हात मारला. बाहेरून स्टीलचं कवच. आत रास्पबेरी पाय, साधं मेमरी कार्ड आणि मोटार, कॉम्प्युटर दोन्ही एकाच बॅटरीवर, मध्ये काहीच नाही. गाळात चाक अडकलं की मोटार करंट ओढणार, व्होल्टेज पडणार, कॉम्प्युटर रीस्टार्ट होणार. असं चार वेळा झालं की कार्डावरचा डेटा गेलाच समजा.

मी रास्पबेरी पायला नावं ठेवत नाही. नासाचं इंजेन्युइटी 2021 साली मंगळावर उडालं, ते मोबाईल फोनातल्या स्नॅपड्रॅगन 801 चिपवर. सोबतच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरचा प्रोसेसर तर जेमतेम 200 मेगाहर्ट्झचा. चिप महागच हवी असं नाही. ती कुठे, कशासाठी चालणार याचा विचार हवा.

इथे तोच नाही. म्हणे चित्रण वायफायने वर येईल! अहो, ओल्या मातीखालून वायफाय किती जाणार? फुल एचडी कॅमेऱ्याचा कच्चा डेटा सेकंदाला 180 एमबीच्या वर भरतो. तो रोबोतच कॉम्प्रेस करून साठवायला हवा. आणि बंद डब्यात हवा खेळत नाही. 80 अंशांना हा बोर्ड स्वतःहून वेग कमी करतो.

'स्वस्तात मिळाला ना?' असं कुणीतरी म्हणेलच. कॉम्प्युटरला वेगळा वीजपुरवठा आणि चांगली एसएसडी काही हजारांत येते. रोबो बंद पडला की झाकण उघडून माणूसच उतरतो. संरक्षक साधनांशिवाय त्याला उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाला तर 30 लाख भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलंय. आता करा हिशोब.

माझी मागणी साधी आहे. बिल काढण्याआधी रोबो खऱ्या गटारात तासभर चालवा. मध्येच वीज तोडा. बाहेर काढून रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर दाखवा. दिसलं तर बिल द्या, नाही तर परत पाठवा.

तुमच्या नगरसेवकाला हे एकदा विचारा. नारळ फोडायच्या आधी.