विश्लेषण : कर्जतच्या फार्महाऊसवरचे टेक्नो आणि शेजारच्या गावाची झोप

शनिवारची रात्र झाली की कर्जत, खालापूर परिसरातील काही फार्महाऊसमधून एकसारखा ‘धप्-धप्’ ठोका ऐकू येतो. ‘हे काय संगीत आहे?’ असे गावकरी वैतागून विचारतात, तर ‘यांना त्यातले काय कळते?’ असे पाहुण्यांचे उत्तर असते. दोन्ही बाजूंचे थोडे चुकते. संगीताचा प्रकार आणि त्याचा आवाज या वेगळ्या गोष्टी आहेत.

मिनिमल टेक्नो म्हणजे काय?

टेक्नो १९८०च्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीय तरुणांनी घडवले. रॉबर्ट हूड यांच्या १९९४च्या ‘मिनिमल नेशन’ने त्यातील सजावट काढून टाकली. उरला तो ठोका, एक छोटी सुरावट आणि तिच्यात सावकाश होणारे बदल. आपल्याकडे एकल तबलावादनात पेटीवर एकच लेहरा अर्धा-पाऊण तास फिरत राहतो. त्याला कोणी कंटाळवाणा म्हणत नाही, कारण कान तबल्यातील बारकाव्यांकडे असतो. मिनिमल टेक्नोही असेच ऐकायचे असते.

मुंबईशी याचा संबंध काय?

हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि की-बोर्ड वाजवणारे चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली. ‘एचएमव्ही’ने ती काढली. भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग त्यांनी रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर वाजवले : ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. यातील टीबी-३०३ हे गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून केलेले यंत्र. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. सिंग यांच्या हाती तिला मींडेचा भास आला. ध्वनिमुद्रिका मात्र खपली नाही.

मग हे संगीत मुंबईत जन्मले का?

नाही. याच टीबी-३०३चा वापर करून शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढले आणि ‘ॲसिड हाऊस’ हा प्रकार रूढ झाला. त्यांच्यापर्यंत सिंग यांची ध्वनिमुद्रिका पोहोचल्याचा पुरावा नाही. ती २०१० मध्ये एका डच संग्राहकाने पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा जग चकित झाले. सिंग यांचे २०१५ मध्ये निधन झाले. ‘आम्हीच पहिले’ म्हणून मिरवण्यापेक्षा, आपल्या माणसाचे काम २८ वर्षे आपल्याला का दिसले नाही, हा प्रश्न अधिक बोचरा आहे.

कर्जत-खालापूरमध्ये अडचण कुठे?

अडचण खालच्या पट्टीच्या आवाजाची आहे. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे सात मीटर असते. भिंती आणि झाडे तिला फारशी अडवत नाहीत. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड राहते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वळतो आणि दूरवर जातो. सनईसारखा उंच सूर वाटेतच विरतो; ठोका मात्र पलीकडच्या वाडीत पोहोचतो. तिथे पहाटे उठून शेतावर किंवा पहिल्या लोकलला जाणारी माणसे झोपलेली असतात.

नियम काय सांगतात?

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदिस्त सभागृहे वगळता ध्वनिवर्धक वाजवता येत नाही. फार्महाऊसची हिरवळ बंदिस्त नव्हे. निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. खासगी जागेच्या हद्दीवर यापेक्षा पाचहून अधिक डेसिबल वाढ चालत नाही.

तरी तक्रार टिकत का नाही?

नियमांतील मोजमाप ‘डेसिबल-ए’ या मापात होते. हे माप मानवी कानाच्या संवेदनेला धरून असल्याने खालचे सूर कमी धरते. ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबलची सूट मिळते. त्यामुळे खिडकीची तावदाने थरथरत असतानाही यंत्रावरचा आकडा बेताचा दिसू शकतो. खालच्या सुरांची वेगळी मोजणी नियमांत यायला हवी.

मार्ग कोणता?

सरसकट बंदीने प्रश्न सुटणार नाही. या फार्महाऊसमध्ये स्वयंपाक करणारे, राखण करणारे, स्थानकावरून पाहुण्यांना आणणारे हात याच गावांतले आहेत. त्यांना रोजगारही हवा आणि झोपही. म्हणून दहानंतर संगीत बंद खोलीत न्यावे, ध्वनिवर्धकांची तोंडे वस्तीकडे नसावीत, बेस उतरवावा आणि जागामालकाने तक्रारीसाठी आपला क्रमांक ग्रामपंचायतीत द्यावा. हाच नियम लग्नाच्या आणि मिरवणुकीच्या डीजेलाही लागू हवा. नाहीतर गावाच्या तक्रारीला वजन राहणार नाही.

कमीत कमी सुरांत जास्तीत जास्त सांगणे हा मिनिमल टेक्नोचा गाभा. त्याच्या चाहत्यांना आवाजही कमी ठेवा असे सांगावे लागू नये.