हो ची मिन्ह यांचे मृत्युपत्र आणि त्यांच्यावरच्या शोककविता

नेत्यासाठी रडणारी कविता दिसली की 'व्यक्तिपूजा' असा शिक्का मारणारे विद्वान कमी नाहीत. व्हिएतनामी कवितेवर तो मारण्याआधी एक शब्द समजून घ्यावा. 'बाक' म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. त्या भाषेत 'मी' आणि 'तू'सुद्धा बहुतेक वेळा नात्याच्याच शब्दांनी बोलतात. हो ची मिन्ह यांना बाक म्हटले की कवी आपोआप लेकरू होतो. 'बाबा' म्हणत वाढलेल्या आपल्या वस्त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

हो ची मिन्ह २ सप्टेंबर १९६९ रोजी गेले. चार दिवसांत कवी तो हिउ यांनी 'बाक ओई' लिहिली. ओई म्हणजे हाक, आपल्या 'अहो'सारखी. १९७६ साली दक्षिणेतले कवी व्हिएन फुओंग हनोईच्या समाधीवर आले आणि त्यांनी आपली प्रसिद्ध कविता लिहिली. देश १९५४ पासून दुभंगलेला होता आणि दक्षिण मुक्त झालेली पाहायला हो ची मिन्ह उरले नव्हते. ज्याच्यासाठी इतकी वर्षे लढलो, त्याची भेट काचेआड, रांगेतून चालत! हा शोक सरकारी हुकमाने येत नाही. मी तो खरा मानतो.

पण ती समाधी कोणी मागितली होती? हो ची मिन्ह यांनी तर नाहीच. माझे दहन करा, त्याने शेतजमीन वाया जात नाही, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते. राख उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तीन भागांत टेकड्यांवर पुरावी, पुतळा नको, येणाऱ्यांनी झाडे लावावीत. विजयानंतर सहकारी शेतकऱ्यांना एक वर्ष शेतीकर माफ करावा, असेही लिहिले होते. १९६९ साली पक्षाने मृत्युपत्र छापले, त्यात दहन नव्हते आणि करमाफीही नव्हती. राष्ट्रीय दिनाशी गाठ पडू नये म्हणून मृत्यूची तारीखसुद्धा ३ सप्टेंबर सांगितली. खरे काय ते पक्षाने १९८९ साली मान्य केले. वीस वर्षे! देह जपला आणि गरिबांसाठीचे शब्द वगळले.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला, त्याचा हा जिवंत दाखला आहे. इशारा भक्तीबद्दल होता, कृतज्ञतेबद्दल नव्हता. हा फरक आपल्यातलेही काहीजण विसरतात.

तो हिउ यांच्याबद्दल मात्र माझे मन साफ नाही. ते नुसते कवी नव्हते, पक्षाचे सांस्कृतिक पुढारी होते. १९५६ ते ५८ या काळात 'न्यान वान' आणि 'झाय फाम' या नियतकालिकांतल्या लेखक-कवींवर कारवाई झाली, तेव्हा मोहिमेच्या अग्रभागी तेच होते. त्रान दान यांच्यासारख्या कवीचे छापणे तीसेक वर्षे बंद राहिले. एकाच हाताने हंबरडा लिहिला आणि दुसऱ्याची लेखणी काढून घेतली. म्हणून कविता खोटी ठरते का? नाही. पण त्या काळात रडायची मुभा कोणाला होती आणि बोलायची कोणाला नव्हती, हे विचारल्याशिवाय ती वाचू नये.

व्हिएन फुओंग समाधीपुढे उभे होते तेव्हा दहनाची इच्छा लोकांसमोर आलेलीच नव्हती. त्यांची कविता व्हिएतनामच्या शालेय पाठ्यपुस्तकात आली, पिढ्यांनी ती पाठ केली. तिच्याशेजारी मृत्युपत्रातला तो वगळलेला भाग शिकवला, तर मुलांचा शोक कमी होईल का? मला तसे वाटत नाही.