स्वारासकट घोडा

भाडेकरूंसकट घर विकत घ्यायचं आणि मग जन्मभर त्या भाडेकरूंच्या नावानं खडे फोडायचे, हा काही लोकांचा छंद असतो. आमच्या धानोऱ्याचे नाना या छंदात चांगलेच मुरलेले. त्यांनी धुळ्याच्या जुन्या वस्तीत एक दुमजली वाडा घेतला. आत चार बिऱ्हाडं, म्हणून चौथाई भावात मिळाला. एरवी नाना कुठले वाडा घेतात! पण खरेदीखताची शाई वाळते न वाळते तोच ते पारावर सांगू लागले, "माझ्या घरात चोर शिरलेत हो!"

अहो नाना, हे चोर तुमच्या आधी दोन पिढ्या शिरलेत. वाडा बघायला गेलात तेव्हा त्यांच्याच घरचा चहा प्यालात तुम्ही!

समजा, सारंगखेड्याच्या यात्रेत कुणी स्वारासकट घोडा विकायला काढला. स्वार उतरणार नाही हे आधीच सांगितलं आणि म्हणून पाव किमतीत दिला. आता घेणाऱ्यानं घरी येऊन 'हा कोण माझ्या घोड्यावर बसलाय?' म्हणून बोंब ठोकावी काय?

भाड्याची रड खरी आहे, पण ती नानांची नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यानं जुन्या घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्याला खिळवून टाकली. ज्याच्या आजोबानं वाडा बांधला, त्यानं जरूर रडावं. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती भाडेगोठवणी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचं म्हटलं. पुढे 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला, त्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली. चार टक्क्यांत चुनासुद्धा येत नाही, कबूल! पण नानांनी वाडा घेतला तो हे सगळं वकिलाकडून वाचून घेऊन. उरलेली बारा आणे किंमत त्यांनी दिलीच नाही. ती भाडेकरूच्या हक्काची होती, म्हणून तर वजा झाली.

आता नानांना तीही हवी आहे, आणि तीही फुकट. म्हणून ते कौलं शाकारत नाहीत. "पडू दे, आपोआप जातील," म्हणतात. वरच्या खोलीत एक म्हातारी पावसाळाभर पातेली मांडून बसते. घर दुरुस्त ठेवणं मालकाचं काम, पाणी-वीज तोडता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. पण नानांच्या वकिलानं तेवढंच पान वाचलेलं दिसत नाही.

स्वतःला राहायला जागा हवी असेल तर नानांनी खुशाल कोर्टात जावं. तिथं गरज खरी आहे का आणि जास्त हाल कुणाचे होतील, हे तोलतात. नाहीतर म्हातारीसमोर बसून तिच्या हक्काचे पैसे मोजावेत. दोन्ही जमत नसेल, तर निदान कौलं तरी फिरवावीत. वाडा स्वस्त मिळाला नव्हता, नाना. पाव मिळाला होता!