चौथी सीट

लोकलच्या बाकावर तिघांनी बसावे, ही रेल्वेची योजना. चौथ्याने ‘जरा सरकून घ्या’ म्हणावे आणि बसलेल्या तिघांनी कुरकुरत का होईना चार बोटे सरकावे, ही मुंबईकरांची. या चौथ्या सीटचा नियम कोणत्याही पाटीवर लिहिलेला नाही. तरीही डोंबिवलीपासून विरारपर्यंत तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. अर्धेच अंग बाकावर टेकते, पण उभ्या माणसाला तेवढा आधार पुरतो.

उपनगरांतल्या माणसांचा शेजार या बाकांवरच घडला. चाळ सुटली, वाडा सुटला, फ्लॅटचे दार बंद झाले. पण रोजच्या गाडीतला रोजचा डबा कायम राहिला. तिथे भजनी मंडळे जमली. दसऱ्याच्या आधी झेंडूची तोरणे लागली, पेढे वाटले गेले. बायकांच्या डब्यात मेथी निवडली गेली, संक्रांतीला तिळगूळ आणि हळदीकुंकू झाले, लेकीच्या लग्नापासून सासूच्या आजारपणापर्यंत सगळे बोलले गेले. 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली ही केवळ महिलांसाठीची लोकल सुरू झाली, तेव्हा या मैत्रिणींना जणू हक्काचे माहेरच मिळाले.

मात्र या साऱ्याचे कौतुक करताना गर्दीचे कौतुक होता कामा नये. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ धावत्या गाड्यांच्या दारांतून माणसे पडली आणि काही घरी परतलीच नाहीत. माणुसकी हवी, पण ती दांडीला लोंबकळून दाखवायची वेळ कोणावर येऊ नये.

आणखीही एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. गाडीतला हा शेजार कमावत्या माणसांचा आहे. घरात मागे राहणाऱ्यांचे काय? गुडघे दुखणारी आजी, निवृत्त झालेले आजोबा, शाळेतली मुले, दुपारी बँकेत किंवा दवाखान्यात जाणारी गृहिणी यांना चर्चगेट किंवा सीएसएमटी गाठायचे नसते. त्यांना मंडईत जायचे असते, वाचनालयात पुस्तक बदलायचे असते, दोन स्टॉप पलीकडे राहणाऱ्या बहिणीला भेटायचे असते. त्यांची गाडी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी थांबणारी लाल बस.

मुंबईत बस सुरू झाली 15 जुलै 1926 रोजी. 1947 साली बेस्टचा कारभार महापालिकेकडे आला आणि बस ही शहराची स्वतःची झाली. उपनगरे वाढत गेली तशी बस त्यांच्या मागोमाग गेली. स्टेशनपासून वसाहतीपर्यंत, वसाहतीपासून शाळेपर्यंत तिने वाटा पाडल्या. कंडक्टरला रोजच्या आजी माहीत असत आणि आजींना कंडक्टरची ड्यूटी. बसथांब्यावरच्या दहा मिनिटांत कोणाकडे पाणी आले नाही, कोणाचा मुलगा परीक्षेला बसला, हे कळे. पेन्शनर मंडळींचा कट्टा पुष्कळदा याच थांब्यावर भरे. शेजार म्हणजे तरी दुसरे काय असते?

हा धागा आता विरत चालला आहे. 2010च्या सुमारास बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या. आता ही संख्या तीन हजारांच्याही खाली आली असून, त्यांतल्या बहुतेक गाड्या कंत्राटदारांच्या आहेत. पूर्वी विजेच्या धंद्यातला नफा बसचा तोटा भरून काढी. पुढे वीजक्षेत्राचे नियम बदलले आणि तो आधार तुटला. 2019 साली किमान भाडे पाच रुपयांवर आणले, तेव्हा माणसे बसकडे परत वळली. पण पुरेशा गाड्या आल्या नाहीत. मे 2025 मध्ये तेच भाडे दहा रुपये झाले.

बस येत नाही म्हटल्यावर माणूस शेअर रिक्षाकडे वळतो. रिक्षावाला बिचारा पोटासाठीच धावतो, पण तो भरपूर गिऱ्हाईक असलेल्या मार्गावरच धावणार. दुपारच्या एका आजीसाठी तो का थांबेल? ज्याला परवडते तो दुचाकी, मोटार घेतो. मग रस्ता तुंबतो, उरलीसुरली बस त्यात अडकते, उशिरा येते आणि आणखी चार माणसे तिचा नाद सोडतात. आजी मात्र घरीच बसतात. आधी वाचनालय सुटते, मग भजन सुटते, मग मैत्रीण सुटते. याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही.

मेट्रो आली, हे चांगलेच झाले. 2014 मध्ये वर्सोवा–घाटकोपर आणि 2022-23 मध्ये दहिसर–अंधेरी हे मार्ग सुरू झाले. पण मेट्रोच्या स्थानकापर्यंत पोचायचे कसे? कोट्यवधी रुपयांचा पूल बांधायचा आणि त्याच्या पायथ्याशी बस नसायची, म्हणजे घर बांधून जिना विसरण्यासारखेच.

एसटीचा अनुभव आपल्या डोळ्यांसमोर आहे. 2022 मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि 2023 मध्ये महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळाला. गावोगावच्या स्टँडवर लुगड्यातल्या आज्या आणि माहेरवाशिणी दिसू लागल्या. सवलतीचा बोजा कोणी उचलायचा, यावर वाद जरूर घालावा. पण बस परवडली की माणसे घराबाहेर पडतात, एवढे तरी त्यातून दिसले.

बस तोट्यात चालते, असे म्हणतात. रस्त्यावरचा दिवा कधी नफ्यात चालला होता? नळाच्या पाण्याप्रमाणे बसही शहराची गरज आहे, असे मानून पालिकेने आणि सरकारने तिला दरवर्षी ठरलेला पैसा द्यायला हवा. अरुंद गल्ल्यांसाठी लहान गाड्या हव्यात. थांब्यावर सावली आणि बसायला बाक हवा. ठाणे, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार यांच्या परिवहन सेवांनाही हेच लागू आहे.

आणि थोडे आपणही करायला हवे. एका मोटारीत बहुधा एकटाच माणूस असतो. दोन-तीन मोटारींच्या जागेत मावणारी बस पन्नास जणांना नेते. बससाठी रस्त्याची एक पट्टी मोकळी ठेवायचे ठरले, की पहिली ओरड आपण मोटारवालेच करतो. गाडीत मात्र अनोळखी माणसासाठी आपण निमूट चार बोटे सरकत आलो आहोत. बसथांब्यावर पिशवी धरून उभ्या असलेल्या आजीही तेवढेच मागत आहेत. जरा सरकून घ्या, म्हणत आहेत.